मावळा टेबलावर, कातळ रामशेजचा: घरच्या घरी फॅन्टसी फोटो कसा जोडायचा

दिवाळीत पोरांच्या किल्ल्यावर मांडलेली मातीची चित्रं, म्हणजे मावळे, तोफवाले, घोडेस्वार, दिवाळी संपली की खोक्यात जातात आणि वर्षभर माळ्यावर पडून राहतात. त्यातला एक मावळा काढायचा, टेबलावर उभा करून त्याचा फोटो घ्यायचा, नाशिकजवळच्या रामशेज गडाचा आपणच काढलेला फोटो घ्यायचा आणि दोन्ही असे जोडायचे की तीन मजली इमारतीएवढा मावळा गडाच्या पायथ्याशी पहारा देतोय असं वाटलं पाहिजे. मावळाच हवा असं काही नाही, डायनासोर चालेल, सांधे वळणारी अ‍ॅक्शन फिगर चालेल, गौरीच्या आराशीतली बाहुली चालेल. फक्त देवाच्या मूर्ती यात नका घेऊ, उगाच कोणाचं मन दुखावतं आणि मग फोटो बाजूला राहतो, भांडणच होतं.

नवीन माणूस पहिला प्रश्न हमखास हाच विचारतो की सॉफ्टवेअर कुठलं घेऊ. ते शेवटी सांगते, कारण फोटो खोटा दिसतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमुळे दिसतच नाही, दोन फोटो वेगवेगळ्या उंचीवरून आणि वेगवेगळ्या उजेडात काढलेले असतात म्हणून दिसतो, आणि ते नंतर कितीही घासलं तरी निघत नाही. म्हणून क्रम पक्का ठेवा. आधी जागेचा फोटो, मग त्या जागेच्या हिशोबाने बाहुलीचा. उलटं करायला गेलात तर बाहुलीवर डावीकडून ऊन असतं आणि तसं ऊन पडलेली जागा शोधत तुम्ही गावभर हिंडता.

जागा कुठली घ्यायची

नाशिककरांना याची ददात नाही. पेठ रोडला रामशेज, त्र्यंबक रोडला अंजनेरी, पुढे ब्रह्मगिरीच्या काळ्या भिंती. पांडवलेण्यात खांब आणि काळोखी दारं मिळतात, दारातून काहीतरी बाहेर येतंय असा सीन तिथे झकास होतो, पण ते संरक्षित स्मारक आहे, ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी विचारून घ्या. गोदाघाटाच्या पायऱ्या आणि नारोशंकराचं देऊळ पण छान, फक्त बुधवारी जाऊ नका, बाजाराच्या गर्दीत रिकामी फ्रेम मिळणं अवघड. द्राक्षबागेत वेलींच्या सरळ रांगा लांबवर एका बिंदूला जाऊन मिळतात, त्यामुळे नजर आपोआप आत ओढली जाते, पण मालकाला विचारल्याशिवाय शिरू नका आणि घडांना हात तर अजिबात लावू नका.

ऋतूचं थोडं गणित आहे. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे मे ते जुलै दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायाखाली गोळा होते आणि फोटोला काही आकारच राहत नाही. डिसेंबरात तोच सूर्य भर दुपारीसुद्धा ४७ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून हिवाळ्यात दिवसभर तिरपं ऊन मिळतं. पण पहिल्या फोटोसाठी माझा सल्ला ऊन नकोच असा आहे. पावसाळ्यातला ढगाळ दिवस घ्या, नाहीतर थंडीत गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सकाळी धुकं असतं ते घ्या. ढगाळ उजेडात लांब सावली पडत नाही म्हणजे ती जुळवायची अर्धी कटकट गेली, आणि धुकं तर जोडकामाच्या सगळ्या चुका पोटात घेतं. उन्हातलं काम हात बसल्यावर.

जागेवर काय काय टिपायचं

मुख्य फोटो काढताना बाहुली कुठे उभी राहणार ती जागा मनात ठरवा आणि तिथे मोकळी जमीन ठेवा. फोन डोळ्यासमोर धरता तेव्हा त्याची उंची साधारण दीड मीटर असते, ती लक्षात ठेवा किंवा सरळ लिहून ठेवा. बाहुलीची जागा तुमच्यापासून किती लांब आहे ते पावलांनी मोजा. कुठली लेन्स वापरली, साधी वन एक्स की टू एक्स, तेही लिहा, कारण घरी तीच वापरायची आहे. वेळ लिहा, आणि ऊन असेल तर सूर्य कुठल्या बाजूला आहे ते फोनच्या कंपासमध्ये बघून ठेवा.

मग तीन वस्तू पिशवीतून काढा, लोक बघतील, बघू द्या. एक पेन्सिल, एक टेबल टेनिसचा पांढरा बॉल आणि एक लखलखीत स्टीलची वाटी. पेन्सिल जमिनीत उभी खोचून तिच्या सावलीचा फोटो घ्या, म्हणजे सावलीची दिशा आणि लांबी दोन्ही कळतं (सूर्य ४५ अंशावर असला की सावली उंचीएवढीच पडते, २७ अंशाला दुप्पट होते). बॉलच्या फोटोत उजेडाकडून अंधाराकडे रंग कसा उतरत जातो ते दिसतं, सावलीच्या बाजूला आभाळाचा निळा किंवा मातीचा तांबूस शेड आलाय का तेही दिसतं. आणि वाटी पालथी ठेवली की तिच्या पाठीवर अख्खं आभाळ उमटतं, सूर्य कुठे, ढग कुठे, शेजारची पांढरी भिंत कुठून उजेड फेकतेय, सगळं एका फोटोत. सिनेमाच्या व्हीएफएक्सवाले यासाठी चकचकीत गोळा वापरतात, आपली वाटी तेच काम करते.

निघायच्या आधी सुटे तुकडे पण गोळा करा, फोटोतच बरं का. गवताचे झुपके, दोनचार दगड, जमिनीचा जवळून फोटो, नुसतं आभाळ. त्यातलं गवत तर सोन्याच्या मोलाचं आहे, का ते पुढे येईलच. खरी माती, दगड, झाडपाला मात्र अंजनेरीसारख्या ठिकाणाहून उचलू नका, ते राखीव संवर्धन क्षेत्र आहे.

मापाचा हिशोब

यात घाई करू नका, सगळी जादू इथेच आहे.

गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. गोदावरीला पूर आला की नाशिककर विचारतो, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, एवढ्यावरून पूर केवढा ते कळतं, आकडे लागत नाहीत. फोटो बघणारा डोळाही असाच एक मारुती शोधत असतो, आणि फोटोत तो मारुती म्हणजे क्षितिजाची रेघ. सपाट जमिनीवर उभी असलेली प्रत्येक वस्तू क्षितिजाच्या रेघेला कॅमेऱ्याच्या उंचीवरच कापली जाते, वस्तू जवळ असो की लांब. म्हणजे कॅमेरा दीड मीटरवर असेल तर साध्या माणसाच्या गळ्याखांद्याजवळून क्षितिज जाणार, आणि दहा मीटरच्या राक्षसाच्या पोटरीवरून. समोर डोंगर असेल तर खरं क्षितिज झाकलेलं असतं, तेव्हा फोन वर किंवा खाली न कलवता सरळ धरायचा, म्हणजे ती रेघ फ्रेमच्या मधोमध येते. हे जुळलं की निम्मा फोटो जमला.

आता मावळा घ्या, समजा तो १० सेंटिमीटरचा आहे आणि तुम्हाला तो १० मीटरचा दाखवायचाय. म्हणजे शंभरपट. मग तिथलं प्रत्येक माप शंभराने भागायचं. कॅमेरा तिथे दीड मीटरवर होता, इथे दीड सेंटिमीटरवर. मावळ्याची जागा तिथे ४० मीटर लांब धरली होती, इथे फोन आणि मावळा यांच्यात ४० सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरवर लेन्स कशी न्यायची? फोन उभाच धरून डोक्यावर उलटा करा, कॅमेऱ्याचं टोक खाली, म्हणजे लेन्स टेबलाला जवळजवळ टेकते. उलटं झालं तरी काही बिघडत नाही, फोटो नंतर फिरवता येतो.

तोच मावळा खऱ्या माणसाएवढा दाखवायचा असेल तर साधारण सतरापट, म्हणजे कॅमेरा टेबलापासून ९ सेंटिमीटर वर आणि पाच मीटरचं अंतर ३० सेंटिमीटरवर येतं. आणि परी दाखवायची असेल, द्राक्षाच्या पानावर बसलेली बोटभर परी, तर भागाकार करायचाच नाही, तिथे उलट बागेचा फोटोच जमिनीलगत, पानाच्या उंचीला जाऊन काढायचा. बहुतेक नवीन लोक परीच्या फोटोत बाग मात्र उभ्याने काढतात आणि मग ती परी पानावर बसलेली वाटण्याऐवजी चिकटवलेली दिसते.

टेबलावर

जाड पुठ्ठा, बटर पेपर, थर्माकोलचा पांढरा तुकडा, काळं कापड, मागे लावायला राखाडी कार्डशीट एवढं सामान पुरे. हिरवा कागद लावू नका, व्हिडिओवाले लावतात ते बघून मोह होतो, पण टेबलाएवढ्या जागेत त्याचा हिरवा रंग बाहुलीच्या कडांना लागतो आणि तो काढता काढता जीव जातो. बाहुलीच्या पायाखाली जागेवरच्या जमिनीसारखं काहीतरी पसरा, आपल्याकडे सगळा काळा बेसॉल्टच आहे तेव्हा बांधकामाजवळ पडलेली दगडाची कच ओंजळभर आणली तरी भागतं. त्याने पायाजवळची बारीक सावली आणि खालून वर येणारा उजेडाचा रंग दोन्ही खरं मिळतं, कॉम्प्युटरवर रंगवावं लागत नाही.

बाहुली आधी साफ करा, मेकअपच्या मऊ ब्रशने, कारण तिच्यावरचा धुळीचा एक कण मोठा केल्यावर खडीएवढा दिसतो. प्लास्टिकची असेल तर तिची चमक घालवा. चमक हा माप उघडं पाडणारा सगळ्यात मोठा चुगलखोर आहे, दहा मीटरच्या प्राण्याच्या नाकावर बल्बचा ठिपका चमकत नसतो. टाल्कम पावडर ब्रशवर घेऊन झटकून हलकी फिरवली की चमक जाते, किंवा रंगाच्या दुकानात मॅट वार्निशचा स्प्रे मिळतो तो मारा, पण तो कायमचा असतो, पोरांचं खेळणं असेल तर आधी पोरांना विचारा. साच्याच्या जोडाची रेघ कुशीतून गेलेली असते ती कॅमेऱ्यापासून लपेल असं वळवा. आणि मातीच्या मावळ्यांचे डोळे कायम वटारलेले असतात, मिशी एकीकडे आणि रंग दुसरीकडे, म्हणून माझं मत विचाराल तर मावळा पाठमोराच घ्या, पाठमोरा माणूस तसाही जास्त दरारा निर्माण करतो. उभा राहत नसेल तर पायाखाली मळलेल्या कणकेचा छोटा गोळा. तारेने लटकवणार असाल तर बाहुली काढून नुसत्या रिकाम्या टेबलाचाही एक फोटो घ्या, तार पुसायला तोच लागतो.

उजेड. ढगाळ फोटोसाठी वरून बटर पेपर ताणा आणि त्याच्या वर एलईडी बल्ब, बास. उन्हाच्या फोटोसाठी दुसऱ्या एका फोनचा टॉर्च वापरा, कारण सूर्य आपल्याला आभाळात अर्ध्या अंशाएवढाच दिसतो आणि एक सेंटिमीटरचा दिवा सव्वा मीटरच्या आसपास ठेवला की तो तेवढाच दिसतो, म्हणून सावलीची कडा उन्हासारखी धारदार येते. मोठा बल्ब जवळ ठेवलात तर सावली मऊ होते आणि डोळा लगेच ओळखतो की हे घरातलं आहे. जागेवरचे पेन्सिल, बॉल आणि वाटीचे फोटो समोर ठेवा, त्याच वस्तू बाहुलीशेजारी मांडा आणि टॉर्च हलवत राहा, जोपर्यंत दोन्ही सारखे दिसत नाहीत तोपर्यंत. मग वस्तू उचला, दिव्याला हात न लावता बाहुलीचा फोटो काढा. सावलीची बाजू फारच काळी येत असेल तर त्या बाजूला थर्माकोल.

फोकसबद्दल. बाहुलीचं नाक स्पष्ट आणि पाठ धूसर आली की ती खेळणं वाटते, मोठ्या गोष्टी लांबून असं दिसत नाहीत. कॅमेरा असेल तर एफ ११ ला ठेवा (हा आकडा वाढला की लेन्सचं छिद्र लहान होतं आणि जास्त भाग स्पष्ट येतो), एफ १६ च्या पुढे जाऊ नका, तिथून अख्खा फोटोच मऊ पडायला लागतो. तरी पुरत नसेल तर ट्रायपॉडवर चारपाच फोटो घ्या, प्रत्येकात फोकस थोडा मागे सरकवत, आणि नंतर त्यातला स्पष्ट भाग जोडा. फोनवर पोर्ट्रेट मोड बंद, आणि जवळ गेलं की आपोआप चालू होणारा मॅक्रो पण बंद, कारण बऱ्याच फोनमध्ये तेव्हा गुपचूप अल्ट्रावाइड लेन्स चालू होते आणि आपला सगळा हिशोब कोसळतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाचं सेटिंग, ऑटोवर नको, जमलं तर रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही फेरफार न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा.

धूर, ठिणग्या, पाऊस

पाणी आणि धूर छोट्या मापात करायला जाऊ नका, टेबलावरचा पाण्याचा थेंब थेंबच दिसतो, नदी हवी तर सोमेश्वरच्या धबधब्याचं खरं पाणी टिपा. धुरासाठी काळं कापड मागे लावायचं, उदबत्ती पेटवायची, उजेड बाजूने किंवा मागून द्यायचा आणि पंखा बंद. तो फोटो जोडताना सॉफ्टवेअरच्या स्क्रीन मोडमध्ये वर ठेवला की काळं सगळं गायब होतं आणि नुसता धूर उरतो. फुलबाजीच्या ठिणग्या अशाच (पाण्याची बादली शेजारी ठेवून), आणि झाडांना फवारायच्या बाटलीचे तुषार मागून उजेड देऊन काढले की पाऊस. आपल्या त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपत बसले होते, त्यांचं स्मारक पांडवलेण्याच्या पायथ्याशीच आहे, तेव्हा घरात असले उद्योग करताना कोणी हसलं तर मनावर घेऊ नका, गावाची परंपराच आहे.

जोडकाम

सॉफ्टवेअर आता. फुकटात जिंप आहे, डाऊनलोड नको असेल तर ब्राउझरमध्ये फोटोपी चालतं, फोटोशॉप असेल तर उत्तमच. तिन्हीत लेयर (एकावर एक ठेवलेले फोटोचे थर) आणि मास्क (थराचा नको तो भाग लपवणारा पडदा) आहेत आणि आपल्याला तेवढंच लागतं.

जागेचा फोटो उघडा, क्षितिजावर एक आडवी गाइड, म्हणजे खुणेची रेघ, लावा. बाहुलीचा फोटो वरच्या लेयरवर. पाथ किंवा पेन टूलने कडेकडेने, कडेच्या किंचित आतून, बाहुली कापा, पण इरेझर वापरू नका, मास्क लावा. मास्कवर काळं रंगवलं की लपतं, पांढरं रंगवलं की परत येतं, म्हणजे कितीही वेळा दुरुस्त करता येतं. कडा अर्धा ते एक पिक्सेल मऊ करा, ब्लेडने कापल्यासारखी धार कुठल्याच फोटोत नसते. मग बाहुली ओढून क्षितिजाची रेघ पोटरीवर येईल अशी बसवा. बाहुली लहान करता येते, मोठी करू नका, फुटते.

आता रंगाच्या नादी लागायच्या आधी सगळ्यात वर एक लेयर टाकून फोटो तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कर्व्हजने (गडद-उजळ कमीजास्त करायचं टूल) बाहुलीचा काळा आणि पांढरा आसपासच्या वस्तूंशी जुळवा. लांबची गोष्ट हवेमुळे फिकट आणि निळसर दिसते, त्यामुळे ४० मीटरवरच्या मावळ्यातला सगळ्यात गडद काळा हा जवळच्या दगडापेक्षा थोडा उजळ आणि मागच्या डोंगरापेक्षा गडद असला पाहिजे. हे बसलं की ब्लॅक अँड व्हाइट काढा आणि रंग बघा, बहुतेक वेळा थोडाच फरक करावा लागतो.

सावलीसाठी दोन वेगळे लेयर, दोन्ही मल्टिप्लाय मोडमध्ये, त्यात खालचा फोटो दिसत राहून नुसता गडद होतो. एक पायाच्या अगदी खाली, अरुंद आणि गडद, ती नसेल तर बाहुली तरंगते. दुसरी लांब सावली, पेन्सिलच्या फोटोत होती त्या दिशेला, पायापासून लांब जाताना किंचित फिकट आणि मऊ होत जाणारी. सावली नुसती काळी रंगवू नका, जागेवरच्या खऱ्या सावलीतून रंग उचला, तिच्यात आभाळाचा निळा असतोच. जमीन उंचसखल असेल तर सावलीही तशीच मोडली पाहिजे.

आणि आता ते गवत. जागेवर काढलेले झुपके कापून बाहुलीच्या पायांच्या पुढे ठेवा. मावळ्यांच्या पायाखाली मातीची चौकोनी बैठक असते, ती तर झाकली जातेच, शिवाय पुढे गवत आणि मागे डोंगर आल्यामुळे बाहुली फोटोच्या आत शिरते. धूर हवा असेल तर तोही थोडा पुढे, थोडा मागे. शेवटी सगळ्या लेयरवर मिळून एकच कर्व्ह आणि एकसारखा बारीक ग्रेन टाका, कारण दोन फोटोंचा दाणा वेगळा असतो आणि तो मोठा करून बघितला की कळतो.

तपासायला फोटो आडवा उलटा करा, आरशासारखा. इतका वेळ बघून डोळा सरावलेला असतो, उलटा केला की बिघाड टोचतो. मग एकदम बोटाएवढा लहान करून बघा, लहान झाल्यावरही बाहुली आधी आणि जागा नंतर दिसत असेल तर बाहुलीचा कॉन्ट्रास्ट जास्त आहे, कमी करा.

लेयरवाली मूळ फाइल जपून ठेवा, जेपेग वेगळी काढा. १२ बाय १८ इंचाचा प्रिंट ३०० डीपीआयला काढायचा तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणून काम सुरू करतानाच जागेचा फोटो तेवढा आहे का बघा, नंतर ताणून उपयोग नाही. नेटवरचा कोणाचा तरी डोंगर उचलू नका, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. खेळण्यालाही तेच, दिवाळीच्या साध्या मावळ्याला सहसा कोणी विचारत नाही, पण सिनेमातल्या एखाद्या प्रसिद्ध पात्राची फिगर असेल तर घरात फ्रेम करून लावा, प्रिंट विकायला काढाल तर त्या कंपनीची परवानगी लागेल.